भुरकीचं युकुलेले वाजेना

एक होती उंदरीण. इवलीशी, करड्या रंगाची. नाव तिचं भुरकी.

भुरकी गेली बाजारात. तिथे होता जुन्या सामानाचा ढीग. ढिगात होतं एक युकुलेले. युकुलेले म्हणजे गिटारीचं धाकटं भावंड! पोट गोल. मान बारीक. तारा चार. जुनं होतं, फार फार जुनं.

भुरकीकडे होती एक शेंग. आठवडाभर जपलेली. भूक लागली तरी न खाल्लेली. ती शेंग दिली आणि युकुलेले घेतलं.

भुरकीनं तार छेडली.

टिंग! टिंग! टिंग! ... टंग!

तार तुटली! गर्रकन तिच्या मिशीला गुंडाळली गेली.

भुरकी रडली, ऊं ऊं ऊं! मग मिशी सोडवली, डोळे पुसले आणि निघाली. भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर.

आली मुश्ताकचाचांकडे. चाचा सतारीला, तंबोऱ्याला तारा लावायचे.

"चाचा, चाचा, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

चाचा म्हणाले, "लावतो की बेटी! पण मला दिसेना. माझ्या चष्म्यावर कोंबडी बसलीय. कोंबडी उठेल, तर तार लागेल."

भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर. आली कोंबडीकडे.

"कोंबडीताई, ऊठ ना! चाचांना दिसेना, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

"पक् पक् पकाक! उठणार नाही. माझी अंडी आहेत ही."

"अगं, तो चष्मा आहे!"

"छे! गोल गोल, दोन दोन. अंडीच ती! ज्वारी मिळेल, तर उठेन."

भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर. आली गिरणीवाल्या शेवंतामावशीकडे.

"मावशी, मावशी, ज्वारी दे! कोंबडी उठेना, चाचांना दिसेना, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

"देते गं बाई! पण पोत्यावर बोकड बसलाय. ढकलून ढकलून दमले मी. बोकड हलेल, तर ज्वारी मिळेल."

भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर. आली बोकडाकडे.

"बोकडदादा, हल ना! ज्वारी मिळेना, कोंबडी उठेना, चाचांना दिसेना, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

"बेंऽऽ! पोतं कसं मऊ मऊ! शेवग्याचा पाला पडेल, तरच हलेन."

भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर. आली शेवग्याच्या झाडाकडे.

"झाडा, झाडा, पाला दे! बोकड हलेना, ज्वारी मिळेना, कोंबडी उठेना, चाचांना दिसेना, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

"सळसळ! घे की! पण मला गदागदा हलवणार कोण? तू? हा हा हा! म्हैस उठेल, तर पाला पडेल."

भुरकी पुढे तुरुतुरु, युकुलेले मागे खुरखुर. आली डबक्याकडे. डबक्यात बसली होती म्हैस.

"म्हैसमावशी, ऊठ ना! पाला पडेना, बोकड हलेना, ज्वारी मिळेना, कोंबडी उठेना, चाचांना दिसेना, तार लागेना, युकुलेले वाजेना!"

म्हैस म्हणाली, "ऑंऽऽय! उठू कशी? कानात खाज सुटलीय. शिंग पोचेना, शेपूट पोचेना. खाज जाईल, तर उठेन."

आता कुणाकडे जायचं? भुरकीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग पाहिली आपली नखं.

"अगंबाई! खाजवायला मी आहे की!"

शेपटीवरून पाठीवर. पाठीवरून मानेवर. मानेवरून थेट कानात! खर्र खर्र खर्र!

"इथे का?"

"जरा वर!"

"इथे?"

"जरा आत!"

"इथे?"

"आहाऽऽऽ! तिथेच, तिथेच!"

गेली खाज! म्हैस उठली, भदाक्! झाडाला अंग घासलं, घस घस घस! पाला पडला, भुरभुर. बोकड हलला, टणकन. ज्वारी मिळाली, मूठभर. कोंबडी उठली, फडफड. चाचांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. चाचांना दिसलं!

"एक तुटली? बाकीच्याही म्हाताऱ्याच आहेत," चाचा म्हणाले. "चारही नव्या लावू!"

जुन्या तारा काढल्या. नव्या तारा ओवल्या. खुंट्या पिळल्या, कर्र कर्र. तारा ताणल्या, टुंई टुंई.

तार लागली! युकुलेले वाजलं!

टिंग टांग टुंग टँव! टिंग टांग टुंग टँव!

सगळे जमले डबक्याकाठी. चाचा नाचले. मावशी नाचली. कोंबडी नाचली. बोकड नाचला. झाड डोललं. म्हैस नाचली, आणि डबक्यातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर, फस्स!

भुरकी मात्र नाचली नाही.

ती वाजवत होती ना!

टिंग टांग टुंग टँव,
गोष्टीनं गाठलं आपलं गाव!