अक्कासाहेबांचं दुखणं

फार फार पूर्वी एका डोंगरी राज्यात एक राजा आणि त्याची थोरली बहीण राहत होती. आई लवकर गेली, म्हणून बहिणीनेच राजाला वाढवले होते. कोणाच्या घरी बाळंतपण असो की भांडण, पहिला निरोप तिलाच जाई.

एका हिवाळ्यात गड चढताना तिला धाप लागू लागली. छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटे. राजाने राजवैद्यांना बोलावले. त्यांनी मनगटाची नाडी पाहिली, मानेची पाहिली.

"नाडी भरदार आहे. हृदयाकडचे मार्ग मोकळे आहेत. अक्कासाहेब, तुम्ही काळजी फार करता."

"वैद्यराज, पायाला खरचटलं होतं, ते अजून भरत नाही. बोटं गार पडतात. नजरही अंधुक झालीय."

"ते वयाचं. किरकोळ आहे."

राजा हसला. "ऐकलंस ना, अक्का? मनातून काढून टाक."

तिने पुन्हा तक्रार केली नाही. चढावर थांबावेच लागले, तर कोणाशी तरी बोलायला थांबल्यासारखे करी.

उन्हाळ्यात गडाखालच्या वाडीला आग लागली. पोरेबाळे बाहेर काढायला ती धावली आणि वाटेतच कोसळली.

जीव वाचला. वैद्यांनी या वेळी तिचे पाय पाहिले, डोळे पाहिले.

"तुम्ही तर सगळं ठीक म्हणाला होता," राजा म्हणाला.

"मोठ्या वाहिन्या आजही ठीक आहेत, महाराज. पण रक्त शेवटी केसाहून बारीक वाहिन्यांतून मांसात उतरतं. त्याच रोगट झाल्यात. म्हणून जखम भरेना, म्हणून नजर मंदावली. हृदय तरी काय, मांसच. तेही उपाशी राहिलं. दुखणं एकच होतं. अक्कासाहेब सगळं सांगत होत्या, मी नाडी धरून बसलो."

औषध आणि पथ्य सुरू झाले. पायाची जखम हळूहळू भरली. हृदयाचा गेलेला जोर मात्र परतला नाही. तिला गड कायमचा सोडून पायथ्याच्या घरी राहावे लागले. राजा रोज उतरून येई, "आज कसं वाटतंय?" असे विचारी आणि तिचे बोलणे संपेपर्यंत उठत नसे.

तात्पर्य : मोठे ठीक दिसते म्हणून बारीक दुखणे खोटे ठरत नाही, दुखणाऱ्याचे वेळेवर ऐकावे.