जुन्या इंजिनाची रीत

एका गावच्या पिठाच्या गिरणीत केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा आपला सभ्य शब्द. मालकीण अनसाबाई त्याला दुसरंच काही म्हणायची, ते पोराबाळांसमोर नको.

गिरणीचं डिझेल इंजिन फार जुनं. सकाळी उठता उठायचं नाही. म्हणून बाईनं केरबाला रीत शिकवली होती. आधी डोक्यावर गरम पाणी ओतायचं, मग पोटात एक लाथ, मग हँडल गरागरा फिरवायचं. केरबानं ती व्रतासारखी पाळली.

पुढे इंजिन भंगारात गेलं आणि विजेची नवी मोटर आली. केरबानं पहिल्याच सकाळी तिच्या डोक्यावर गरम पाणी ओतलं. फाडकन आवाज झाला आणि गिरणीची वीज गेली.

"मेल्या, त्यो समदा थाट त्या जुन्या इंजिनापुरता हुता," अनसाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "नव्याला निस्तं बटण दाबायचं."

केरबानं ते पक्कं ध्यानात ठेवलं. बाईनं नवी म्हैस आणली. ती बसून राहिली, तेव्हा बाईनं तिला उठवायला सांगितलं. केरबानं शिंगांपासून शेपटीपर्यंत बटण शोधलं, आणि सापडेना म्हणून नाकपुडीत अंगठा दाबला. म्हशीनं त्याला थेट उकिरड्यावर पोचवला.

"म्हशीला कुठं बटण असतंय व्हय रं?" बाई म्हणाली. "बटण नसंल तिथं आपली जुनी रीतच बरी."

केरबाला हे मनापासून पटलं. जुनी रीत तर त्याची तोंडपाठ होती.

जत्रा तोंडावर आली. सगळ्या गावाचं दळण अडलेलं. मोटर दुरुस्त झाली, पण वीज जोडायची की नाही ते तालुक्याचे साहेब बघून ठरवणार होते. त्यांची मर्जी बिघडली तर गिरणीला कायमचं कुलूप, असं बाईनं बजावलं. केरबाला रडूच आलं. गिरणीशिवाय त्याला जगात होतं कोण?

साहेब आले. पुरणपोळी जेवले आणि उकडतंय म्हणून बनियनवरच पोत्यांवर आडवे झाले. चहा होताच बाईनं आतून सांगितलं, साहेबांना उठव, आणि नीट उठव.

केरबानं साहेबांना हलक्या हातानं चाचपून पाहिलं. बटण कुठंच नव्हतं. मग त्यानं चुलीवरचं पाणी आणलं. माणूस मोठा म्हणून जरा कोमट केलं आणि साहेबांच्या डोक्यावर ओतलं. पोटात एक लाथ घातली आणि उजवा हात धरून गरागरा फिरवायला लागला.

बोंब ऐकून अनसाबाई कपबशी घेऊन धावत आली. केरबाचा चेहरा आनंदानं फुलला होता. साहेबांचा हात त्यानं अजून सोडला नव्हता.

"बाई, एका लाथंत सुरू झालं बघा सायेब," तो म्हणाला. "पर निस्ताच आवाज करत्यात. पीठ काय पडंना."