सात भागांची यादी

“नळी बदलायची, का अख्खी रायफलच नवी मागायची? तुमीच सांगा, उस्ताद.”

हवालदार नागनाथ बिराजदारनं रायफल टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी एक कागद पसरला. कागदावर सुट्या भागांची यादी होती. नळी, चापाचा स्प्रिंग, दस्ता, नेम धरायची माशी... एकाखाली एक सात नावं, वळणदार अक्षरात.

उस्ताद कासिम मुजावर चष्मा पुसत होते. राखीव पोलीस दलाच्या त्या छावणीत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेब लोकसुद्धा त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि नागनाथला तर रायफल हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी यादी वाचली. सावकाश, वरून खाली.

“अक्षर चांगलं हाय तुझं.”

नागनाथला ते झोंबलं. तीन वर्षं तो दलाच्या नेमबाजीत पहिला येत होता. जेवणघराच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, आणि बिराजदार मुद्दाम त्या फोटोसमोरच ताट घेऊन बसतो असं सगळे म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

पण गेले दोन-तीन महिने काहीतरी बिनसलं होतं. गोळ्या खाली जायच्या, डावीकडे जायच्या. आणि राज्यस्पर्धेच्या संघाची निवड परवावर आली होती.

“स्प्रिंग बदलला की आपण,” उस्ताद म्हणाले.

“बदलला. आठ दिवस झ्याक चालली.”

“मग दस्ता बदलला.”

“तवाबी आठवडाभर बरी होती.”

“आन मग?”

“मग पुन्ना तेच... रायफल थकली उस्ताद. आन निगा ठेवणारा मानूस तसला.”

तसला माणूस म्हणजे शिपाई वामन सोनटक्के. उस्तादांच्या हाताखाली शस्त्रागारात बारा वर्षं काढलेला, पट्ट्यात सदानकदा पुसायची चिंधी खोचून फिरणारा, विचारलं तरच बोलणारा. पंधरा दिवसांपूर्वी नागनाथनं साहेबांना लेखी दिलं होतं, की वामन नळी नीट साफ करत नाही म्हणून नेम चुकतो. साहेबांनी वामनला शस्त्रागारातून काढलं आणि गेटवर पहाऱ्याला उभं केलं. वर लेखी खुलासा मागवला. वामननं एकच ओळ लिहून दिली, ‘यापुढे काळजी घेईन.’

ती ओळ वाचून नागनाथ सगळ्यांना सांगत सुटला होता, की बघा, कबूल केलंच शेवटी.

उस्ताद उठले.

“चल. आदी पाच गोळ्या, माझ्यासमोर. मग काय बदलायचं ते बदलू.”

हा त्यांचा जुना रिवाज होता. पाच गोळ्या उडवून दाखवल्याशिवाय ते कुणाच्या रायफलीचा खिळासुद्धा बदलत नसत. मॅगझीन ते स्वतः भरायचे, तेही समोरच्याकडे पाठ करून. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

चांदमारीचं मैदान छावणीच्या मागेच होतं. दुपारची वेळ, माती तापलेली. नागनाथ पालथा पडला, दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला.

पहिली गोळी. खाली, डावीकडे.

“बगितलंत?”



दुसरी. तिथंच.

ही रायफल अशी, की एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येऊन बसते. माणसानं फक्त चाप ओढायचा. नागनाथनं तिसऱ्यांदा ओढला.

टक्.

गोळी सुटलीच नाही. उस्तादांनी मधे बारूद नसलेलं, सरावाचं काडतूस घातलं होतं.

ना आवाज झाला, ना धक्का बसला. तरी रायफलीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. खांदा पुढे आला होता. आणि डोळे गच्च मिटले होते.

नागनाथनं ते हळूच उघडले.

...

“आनखी एकदा,” उस्ताद म्हणाले.

त्यानं नळीमागचा खटका हातानं मागे ओढला. ते खोटं काडतूस उडून मातीत पडलं. आता त्यानं दात आवळले. डोळे असे ताणले की पाणी आलं. पुढचंही काडतूस खोटं असेल हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

टक्.

तोंड पुन्हा खाली.

“मॅगझीन काड,” उस्ताद म्हणाले. “ऱ्हाऊ दे पाचवी.”

नागनाथनं मॅगझीन काढलं, नळी रिकामी केली आणि तसाच पालथा पडून राहिला. उठलं की उस्तादांकडे बघावं लागणार होतं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि ते उन्हानं नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे, त्याला नवल वाटलं नव्हतं. आपण गोळी सुटायच्या आधीच दचकतो हे त्याच्या खांद्याला केव्हाचं माहीत होतं. ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून तर एवढी वळणदार यादी तयार झाली.

“कवा कळ्ळं तुमाला?” त्यानं मातीकडे बघत विचारलं.

“मला कुटं कळतंय. डोळे गेले माझे. वामननं सांगितलं. होळीच्या सुमाराला.”

नागनाथची मान वर आली.

“तुझ्या बाजूला बसून सुटलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या वेचायचा न्हवं का तो. म्हनला, हवालदार गोळीच्या आदी डोळे मिटतात. मी म्हनलं, साहेबांच्या कानावर घालू? तर म्हनला, नको. निवड हाय, मन खचंल त्यांचं. तुमी कवातरी एकटं गाठून दावा.” उस्ताद थांबले. “मी दावायला उशीर केला. स्प्रिंग बदलत बसलो. ती चूक माझी.”

“मग खुलाशात का न्हाई लिवलं त्यानं?”



...

आज सकाळी गेटमधून आत येताना वामननं त्याला कडक सलाम ठोकला होता. नागनाथ मान वळवून पुढे गेला होता. ते आता आठवलं आणि त्याला वाटलं, जमिनीनं पोटात घेतलं तर बरं.

तो उठून बसला. खिशातून यादी काढली. सातही नावं जागच्या जागी होती.

“साहेबांना खरं सांगितलं तर संघातली जागा हातची जाईल, उस्ताद.”

“जाईल.”

“फोटोबी उतरवतील.”

“उतरवतील.”

“आन न्हाई सांगितलं तर?”

उस्ताद खाली वाकले. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्यांनी मातीतली एक रिकामी पुंगळी उचलली. मग दुसरी शोधू लागले. हे काम बारा वर्षं वामन करत आला होता.

नागनाथ पुढे झाला. त्यानं दुसरी पुंगळी उचलली, ती दोन्ही खोटी काडतुसं उचलली, सगळी शर्टाच्या टोकानं पुसून उस्तादांच्या तळहातावर ठेवली. मग यादी फाडली. तुकडे मैदानात टाकायची सोय नव्हती, म्हणून परत खिशात घातले.

दूर गेटवर वामन उभा दिसत होता. सावली केव्हाच भिंतीपलीकडे गेली होती, तो भर उन्हात होता.

“दोनला त्याची पाळी सुटती न्हवं?”

“दोनला.”

“त्याच्या आदी जातो. मग तसाच साहेबांकडं.”

बोलता बोलता सवयीनं त्यानं रायफल उचलली, पट्टा खांद्यावर चढवला, छाती ताठ केली आणि दोन पावलं टाकली.

“नागनाथ.”

तो वळला.

“ती ठेव हितं,” उस्ताद म्हणाले. “गेटवर मोकळ्या हातानं जा.”