ढोलीतलं भोक

पाखरंही घरं विकायची, त्या काळातली ही गोष्ट. बायको गेल्यावर पिंगळ्याला चिंचेच्या ढोलीत करमेना, म्हणून त्यानं ती विकायला काढली.

साळुंक्यांचं नवं जोडपं बघायला येणार म्हणून त्यानं जळमटं काढली, पिसं झाडली आणि मागचं भोक चिखलानं लिंपून टाकलं.

साळुंकीनं आत येताच विचारलं, "काका, थंडीत वारा नाही ना लागत?"

"छे गं," म्हणताना पिंगळा अडखळला. "अहो, तेवढं भोक बुजवा ना, पाठ गारठते," असं त्याची बायको दर हिवाळ्यात म्हणायची आणि तो म्हणायचा, "बघू उद्या."

"लिंपण ताजं दिसतंय. फार काम पडलं का?" साळुंकी म्हणाली.

ओल्या लिंपणावर पंख टेकवून पिंगळा म्हणाला, "नाही गं पोरी. चोचभर चिखल लागला."