ठकूबाईचा कोबा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे शेळ्या बोलायच्या पण माणसं ऐकायची नाहीत त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याला ठकूबाई नावाची म्हातारी राहत होती. घरात तिची सून पारू आणि गोठ्यात शेळ्या. त्या गावची एक रीत होती. दारी कुणीही येवो, आधी घोंगडी अंथरायची आणि मग पाणी विचारायचं. पाहुणा मोकळ्या भुईवर बसला, तर घराची अब्रू गेली असं लोक मानत.

ठकूबाईचा गोठा मातीचा होता. पावसाळ्यात चिखल व्हायचा, शेळ्यांची खुरं सडायची. म्हणून तिनं गवंडी बोलावला आणि चुन्याचा पक्का कोबा करून घेतला. तो इतका गुळगुळीत झाला की सगळं गाव बघायला आलं. ठकूबाई तो सकाळ-संध्याकाळ झाडायची आणि वर पाण्यानं धुवायची.

आणि तेव्हापासून शेळ्या बसेनाशा झाल्या.

कवडी नावाच्या गाभण शेळीचे तर पाय सुजले, तरी ती उभीच. दूध आटत चाललं. कवडीचं बाळंतपण नीट पार पडेल ना, या काळजीनं ठकूबाईचा जीव थाऱ्यावर राहिना, आणि चुकतंय काय तेही कळेना. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. ठकूबाईनं मिरच्या ओवाळल्या. शेळ्या शिंकल्या आणि उभ्याच राहिल्या. दीर म्हणाले, दार उगवतीला हवं. तिनं दार फिरवलं. मग आणखी कुणी म्हणालं, होतं तेच बरं होतं. तिनं ते परत फिरवलं. यात गवंड्याचं तेवढं बरं चाललं, म्हातारीचा गोंधळ होता तसाच राहिला.

तिकडे शेळ्याही कमी गोंधळल्या नव्हत्या. शेळी खाली पडलेला पाला खात नाही. ती थोडा खाते, थोडा सांडते आणि सांडलेल्या त्या चघळीवरच अंग टाकते. जुन्या गोठ्यात असंच चालायचं. आता मात्र त्या चघळ सांडायच्या आणि ठकूबाई ती झाडून उकिरड्यावर टाकायची.

“मालकीण रोज आपलं अंथरूण बाहेर का फेकते?” काळ्या मोरीनं विचारलं.

“थोडं पडत असेल म्हणून,” कवडी म्हणाली. “आपण कमी खाऊ आणि जास्त सांडू.”

शेळ्यांनी तसं केलं. त्या वाळत चालल्या. सांडलेला ढीग बघून ठकूबाई चिडली. शेळ्या माजल्यात, चाऱ्याची नासाडी करतात, असं म्हणून तिनं चारा कमी केला आणि झाडू वाढवला. आता सांगा, कुणी कुणाला समजवावं?

एका दुपारी नुकत्याच धुतलेल्या कोब्यावर कवडी व्याली. पहिलं करडू ओल्या गार जमिनीवर पडलं आणि ठकूबाई धावत येईपर्यंत गारठून मेलं. दुसरं कुडकुडत होतं. तिनं ते पदरात घेतलं आणि तशीच खाली बसली. थोड्याच वेळात थंडी तिच्या हाडांत शिरली.

“पारे, घोंगडी आण गं. ह्या भुईवर बसवत न्हाई मला.”

पारूनं घोंगडी अंथरली. पण ठकूबाई उठून तिकडे सरकायच्या आधीच थकलेली कवडी पुढं आली, गुडघे टेकले आणि घोंगडीवर आडवी झाली. कोबा झाल्यापासून ती पहिल्यांदाच बसली होती.

ठकूबाई बघतच राहिली. तिनं उकिरड्याकडे पाहिलं. तिथं सुकलेल्या चघळीचा ढीग पडला होता.

“आल्यागेल्याला आपण मोकळ्या भुईवर बसवत न्हाई,” ती हळूच म्हणाली, “आन् हिचं हातरूण मी रोज माझ्या हातानं फेकत हुते.”

तिला रडू आवरेना. सासूसुनेनं मिळून ती कोरडी चघळ कोब्यावर जाड अंथरली. सगळ्या शेळ्या एकामागून एक आडव्या झाल्या. दुसरं करडू जगलं. कोबाही तसाच राहिला. फक्त ठकूबाई ओली झालेली चघळ काढायची आणि कोरडी राहू द्यायची. पण गेलेलं करडू काही परत आलं नाही, आणि झाडू हातात घेतला की तिला ते आठवायचं.

तात्पर्य : दुसऱ्यासाठी घर बांधावे, पण आधी त्याच्या जागी बसून पाहावे.