मीठ विरघळलं, तेव्हा

"मग जोमा काय म्हणाला?"

"काहीच नाही, बाबा. कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड केलं."

विचारणारे होते खाडीकाठच्या मठातले आत्मारामबाबा. उत्तर देणारा त्यांचा शिष्य नीलकंठ. काशीला सात वर्षं वेदान्त शिकून आलेला. कुणी वाट विचारली तरी हा आधी दृष्टांत द्यायचा आणि मग वाट दाखवायची विसरायचा. त्याच्याकडे दृष्टांतांची वही होती, क्रमांक घातलेली.

जोमा म्हात्रे हा चाळीस वर्षं मिठागरात राबलेला म्हातारा. आता अंथरुणाला खिळला होता. वैद्यानं दोन-चार दिवसच सांगितले होते. मरणाला तो फार भ्याला होता, डोळा लागला की दचकून उठायचा. त्याला धीर द्यायला बाबांनी नीलकंठाला पाठवलं होतं.

"त्यानं काय विचारलं होतं तुला?"

"मेल्यावर माझं काय होईल, एवढंच."

"आणि तू?"

"म्हटलं, मिठाचा खडा पाण्यात विरघळतो, तसा जीव ब्रह्मात विरघळतो. त्यात भ्यायचं काय?"

बाबांनी कपाळाला हात लावला.

"मिठागरातल्या माणसाला हे सांगितलंस?"

"म्हणून तर मिठाचा दृष्टांत दिला. त्याच्या ओळखीचा."

"त्याची बायको काही बोलली?"

नीलकंठ अडखळला. "नागूबाई म्हणाली, 'म्हाराज, मीठ इरघलला त आमचा सगला वरीस जातो'..."

बाबांनी खाडीकडे बोट केलं.

"चार वर्षांमागं ऐन चैत्रात वळीव आला. मिठाची रास उघड्यावर होती. सकाळी पाहतो तर नुसता चिखल. त्या चिखलात बसून जोमा रडत होता."

"पण दृष्टांत चुकीचा नाही, बाबा. शास्त्रातला आहे."

"शास्त्रातला आहे. जोमाच्या आगरातला नाही."

नीलकंठानं वही उघडली. "मग घटाकाशाचा सांगतो. मडकं फुटलं की आतलं आकाश..."

"वही इथं ठेव."

"मग सांगू काय त्याला?"

"सांगू नकोस, विचार. मीठ कसं पिकवतात ते."

"माणूस मरणाच्या दारात आहे, आणि मी त्याला मिठाचं विचारू?"

"तुला पिकवता येतं?"

"नाही."

"मग विचार."

नीलकंठ गेला. रिकाम्या हातांनी, आणि जरा घुश्शातच.

तिसऱ्या दिवशी परतला. डोळे सुजलेले होते. ओसरीवर बसला.

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आधी भिंतीकडेच बघून सांगत होता," नीलकंठ म्हणाला. "उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, तळ पायांनी तुडवायचा, मग उन्हावर सोपवायचं. मी भलतंच काही विचारलं की हसायचा. कण्हायचं विसरला होता."

"मग?"

"मी सहज विचारलं, मीठ मागं राहतं, तर पाणी कुठं जातं?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'जलम गेला मीठ बघन्यान. पानी जाताना कंदी बघला नाय.' मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, 'वरती जाते. नि फिरून दर्यालाच येते.' मला म्हणाला, माजी कूस बदल. दाराकडे तोंड करून मागितलं त्यानं. दारातून खाडी दिसते."

"झोपला?"

"शांत झोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे, झोपेतच गेला. मी खांदा देऊन आलो." नीलकंठानं तांब्या खाली ठेवला. "मी त्याला काहीच शिकवलं नाही, बाबा."

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वही कोनाड्यात तशीच होती. नीलकंठानं तिच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

थोड्या वेळानं म्हणाला, "नागूबाई दारात बसून आहे. रडत नाही, जेवत नाही. तिला हेच सांगू का? मीठ राहतं, पाणी वर जातं..."

"नागूबाईनं मीठ पिकवलंय कधी?"

"नाही. मी विचारलं तिला. ती मीठ वाहायची. वाफ्यापासून राशीपर्यंत, डोक्यावर पाटी घेऊन. लग्न होऊन आली त्या वर्षापासून."

बाबा उठले. नीलकंठाच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

"मग जा. आधी तिची पाटी उतरवून घे."