कोपऱ्याचा दगड

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याचा खजिना भरला होता, मन काही भरले नव्हते. म्हणून कालसेन जादूगाराच्या टेकडीखालचे शापित धन उकरायचे त्याच्या मनाने घेतले, आणि पहार मारायला सटवाजी पाथरवटाला बोलावले. हुकूम राजाचा, पहार सटवाजीची. शापाने दोघांना सारखेच धरले. सकाळी दोघांची पावले दगडाची झाली, थोड्याच वेळात गुडघे.

सटवाजीची लेक गिरजा धावत आली. बापाच्या पायाला हात लावला, तो गार फत्तर! ती इकडे जाई, तिकडे जाई, एका जागी पाय ठरेना.

तोच सावरीच्या झाडावर एक भारद्वाज येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "मी या धनाचा राखणदार. माळावर दगडांचे तीन चौरस चौक मांडले आहेत, ते वाढवशील तर शाप उतरेल. प्रत्येक चौकाला उजवीकडे एक ओळ लाव, पुढे एक ओळ लाव; चौक चौरसच राहिला पाहिजे. दगड किती लागतील ते आधी सांग. सांगशील तेवढेच येतील."

"आणि चुकले तर?"

"शाप वर चढेल. सूर्यास्ताला तो डोक्यावरून जाईल."

राजा म्हणाला, "मुली, लवकर आटप. आम्हांला उभे राहून कंटाळा आला." बिचाऱ्याला अजून कंटाळाच आला होता!

पहिल्या चौकात एकच दगड होता. गिरजेला कुठला धीर! नव्या चौकाची ही बाजू दोनाची, ती बाजू दोनाची. "चार!" ती ओरडली. टेकडीतून चार दगड उडत आले. तीन बसताच चौक चौरस झाला, चौथा उघड्यावर पडून राहिला. शाप दोघांच्या कमरेपर्यंत चढला.

गिरजेने कपाळावर हात मारला. सटवाजी शांतपणे म्हणाला, "पोरी, आपल्या धंद्यातली ही जुनीच खोड आहे. कोपऱ्याचा दगड दोन्ही ओळींत दिसतो, म्हणून आपण तो दोनदा मोजतो. असतो मात्र एकच."

"मग तीन," गिरजा म्हणाली. जास्तीचा दगड मुकाट्याने टेकडीत परत गेला.

दुसऱ्या चौकाची बाजू दोन दगडांची. "इकडे दोन, तिकडे दोन, कोपऱ्यात एक. पाच." पाच आले, पाचही बसले. आधी तीन, आता पाच. बाजू एकाने वाढली की दोन्ही ओळींत एकेक वाढतो, कोपरा तेवढाच राहतो. हे ध्यानात आले आणि तिला जरा बरे वाटले.

तिसरा चौक पाहिला मात्र, तिचा जीव दडपला. माळभर नुसते दगडच दगड.

"एकेका बाजूला शंभर," भारद्वाज म्हणाला.

ऊन उतरले होते. शाप सटवाजीच्या ओठांवर आला, त्याची वाचा गेली. राजा उंच, त्याच्या हनुवटीला दगड टेकला तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. "मोज, मुली! एकेक करून मोज!"

गिरजा मोजत धावली. तिसापाशी चुकली, पुन्हा धावली, पुन्हा चुकली. सूर्य टेकडीला टेकला. ती बापापुढे येऊन उभी राहिली. त्याचे डोळे तेवढे हलत होते. आता चुकले तर बाप गेला, हे तिला कोणी सांगायला नको होते. सांगणाराही कोणी उरला नव्हता.

तिने माळाकडे पाठ केली. नवी बाजू एकशे एकची, दुसरीही एकशे एकची... "दोनशे दोन" जिभेवर आलेच होते. तिने जीभ चावली. इकडे शंभर, तिकडे शंभर, कोपऱ्यात एक.

"दोनशे एक!"

दगडांचा लोंढा सुटला, धुळीने आभाळ झाकले. धूळ बसली तेव्हा चौक चौरस होता. एकही दगड उरला नव्हता, एकही कमी पडला नव्हता.

सटवाजी खोकला. तोंडातून दगडाचा चुरा पडला. गिरजेने त्याचे पाय धरले. ते ऊन होते. ती हमसून हमसून रडली, मग राजासमोरच बापावर खेकसली, "पुन्हा कोणी असली पहार मारायला सांगितली, तर नाही म्हणायचे!"

"नाही म्हणेन," सटवाजी म्हणाला.

राजाने ते ऐकले आणि खाली मान घातली. मग त्याने स्वतः माती लोटून ते धन बुजवले.

धनाला त्याची माती मिळाली, राजाला त्याचे राज्य मिळाले, लेकीला तिचा बाप मिळाला. तसे ज्याचे त्याला, तुम्हां-आम्हां साऱ्यांना मिळो.